शिंगं रंगवलेली मोटर

निपाणीच्या पलीकडे लोक सहसा तंबाखूसाठी जातात, नाहीतर लग्नासाठी. मी नावेच्या मोटरीसाठी गेलो होतो. परत येऊन आठवडा झाला, पण आमच्या बेळगावच्या शहापुरात भेटेल तो विचारतो, "काय पाहिलंत हो तिकडं?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ज्यांना तिकडं जायचं नाही त्यांचंही काम होईल.

आधी माझी ओळख. माझं गॅसबत्त्यांचं दुकान आहे. वरातीला बत्त्या भाड्यानं देतो, बिघडलेल्या दुरुस्त करतो. आमची आळी विणकरांची. दिवसभर मागांचा खटखटाट चालतो, त्यामुळे मला मोठ्यानं बोलायची सवय आहे. परगावच्या माणसाला वाटतं मी रागावलोय, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.

माझ्या बायकोचा थोरला भाऊ, ज्याला सगळे आप्पा म्हणतात, दूधगंगेच्या काठी शेती करतो. बोरगावच्या जवळ आहे त्याचं गाव. नाव सांगत नाही, कारण आप्पाला वाचता येतं. त्याची थोडी जमीन नदीपलीकडे असल्यानं त्याच्याकडे नाव आहे, आणि नावेला मागून लावायची पेट्रोलची मोटरही आहे. कोल्हापूरकडचा कुणी साहेब ती तळ्यावर बदकं मारायला वापरायचा. तो विलायतेला परत गेला, सामान विकलं, आणि आप्पानं इतर लोक टेबलं-खुर्च्या घेत होते तेव्हा ही मोटर घेतली.

श्रावण लागला आणि सर्व्हिस मोटरच्या, म्हणजे निपाणीच्या प्रवासी गाडीच्या, ड्रायव्हरबरोबर निरोप आला: "नावंची मोटर चालू हुईना. पंचमीच्या आत दाजींस्नी लावून द्या."

मी बायकोला म्हटलं, "मी बत्त्या दुरुस्त करतो. नावेची मोटर मी जन्मात पाहिली नाही."

"बत्तीत राकेल, तिच्यात पेट्रोल. फरक काय एवढा?"

"बत्ती बुडत नाही," मी म्हटलं. पण तोवर तिनं पिशवी भरायला घेतली होती.

बेळगाव ते नदीकाठ

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. वंटमुरीच्या घाटात सर्व्हिस मोटर दमली, तेव्हा आम्ही सगळे उतरलो आणि तिच्यामागून चालत चढ चढलो. वर तिनं आमची वाट पाहिली, हा तिचा चांगुलपणा. तवंदीच्या घाटात पुन्हा तेच. म्हणजे बेळगावाहून निपाणीला मोटरनं गेलो असं मी म्हणतो खरा, पण चपलांचे तळवे वेगळं सांगतात.

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या गल्लीतून जाताना मला शिंका सुरू झाल्या त्या बाजार संपेपर्यंत थांबल्या नाहीत. तिथं कुणी शिंकला की तो परगावचा हे लोक लगेच ओळखतात आणि भाजीचा भाव वाढवतात. मी भाजी घेतली नाही. पेट्रोलचा डबा घेतला, चहा घेतला आणि आप्पानं पाठवलेल्या बैलगाडीत बसलो. पुढचा रस्ता चिखलाचा होता, एवढं सांगितलं की पुरे.

संध्याकाळी नदी दिसली. दूधगंगा. नावात दूध असलं तरी श्रावणात ती चहाच्या रंगाची असते, आणि चहाही आमच्याकडच्यासारखा कडक. पाणी दोन्ही काठांच्या बाभळींच्या कमरेला लागलेलं. पूर ओसरायला लागला होता म्हणे. मला तसं काही वाटलं नाही.

"या पावणं!" आप्पा दारातच उभा होता. उंच, वाळका, मिशा पांढऱ्या. "लई उशीर केलासा."

"घाट चालत चढलो."

"मग मोटरनं यायचं की," आप्पा म्हणाला. तो चेष्टा करतो की नाही हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, हुलग्याची आमटी आणि मिरचीचा खर्डा. आमच्या शहापुरात पाहुण्याला वाढताना "तिखट आहे हं" असं सांगतात. इकडं खाऊ देतात आणि मग पाण्याचा तांब्या कुठं ठेवलाय ते सांगतात. वहिनी, म्हणजे आप्पाची बायको, चिकोडीकडची, घरचं बोलणं कानडी, त्यामुळे तिला माझी अवस्था बघून हसू आलं तरी ती "अय्यय्यो" म्हणते. त्यात दया किती आणि गंमत किती हे आपण ठरवायचं.

जेवताना खरी गोष्ट कळली. आप्पाला एकच लेक, शेवंता. गेल्या वैशाखात तिचं लग्न नदीपलीकडच्या गावात झालं. ही तिची पहिली पंचमी. पहिल्या पंचमीला लेक माहेरी यायची म्हणजे यायचीच, झोपाळा बांधायचा, लाह्या-लाडू करायचे. तिला आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, भाऊ नसेल तर बाप. आणि व्याही मोठा शिस्तीचा माणूस. त्यानं सांगून पाठवलं होतं की मुराळी चतुर्थीला दिवे लागायच्या आत दारात आला तर सून पाठवू, नाही आला तर पुढच्या वर्षी बघू.

"चतुर्थी कधी?" मी विचारलं.

"उद्या," वहिनी म्हणाली आणि आणखी एक भाकरी वाढली.

रस्त्यानं जायचं तर मधले ओढे तुंबलेले. नाव वल्हवत न्यायची तर आप्पाच्या खांद्यात तेवढा जोर उरला नाही, हे आप्पा सोडून सगळ्यांना माहीत आहे. राहिली मोटर.

"आणि काहील?" मी म्हटलं. इकडं उसाचा रस आटवायची भलीमोठी लोखंडी काहील असते. पुरात लोक तीच पाण्यात सोडतात आणि फळीनं पाणी मारत पलीकडे जातात. ती स्वतःभोवती फिरत जाते, पण पोचते. व्याह्याचा निरोपही आप्पाचा चुलतभाऊ तात्या त्याच्या काहिलीतूनच घेऊन आला होता.

आप्पानं घास खाली ठेवला. "पैली पंचमी हाय. माझी लेक काय गुळाची ढेप हाय, काहिलीतनं आणाय?"

वहिनीनं मान डोलावली. मलाही ते पटलं.

गोठा

मोटर गोठ्यात होती, दोन बैलांच्या शेजारी, लाकडाच्या घोडीवर टांगलेली. मी कंदील वर धरला आणि थोडा वेळ बघतच राहिलो.

तिला वर टाकी, तिच्याखाली दोरी गुंडाळून ओढायचं चाक, खाली लांब दांडा आणि शेवटी पाणी कापायचा पंखा. नावेला आवळायचे दोन स्क्रू, त्यांच्या मुठी दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या. त्या मुठी हिरव्यागार रंगवलेल्या होत्या. त्यांच्या टोकांना बेगड. सुकाणूच्या दांड्याला लाल गोंडा. टाकी हिरवी, टाकीचं टोपण हिरवं, आणि हिरव्याचा पोपडा उडाला होता तिथं खालून तांबडा रंग दिसत होता.

"आप्पा, हे काय?"

"बेंदूर," आप्पा म्हणाला. बेंदूर म्हणजे बैलांचा सण. त्या दिवशी बैलांना धुतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात, औताला जुंपत नाहीत. "ही बैलाचंच काम करती न्हवं? मग बैलांनी पोळी खायची आन् हिनं बगत ऱ्हायचं व्हय?"

"हिला पोळी चारलीत?"

"निवद दावला. खाल्ला न्हाय."

दोन रंग का, तर घरात बेंदूर दोन. बैलजोडी वहिनीच्या माहेरची, म्हणून त्यांचा कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात होतो. आणि आप्पाच्या घराण्याचा महाराष्ट्री बेंदूर पुढं आषाढात. आमच्याकडे सरहद्दीच्या गोष्टींवरून लोक भांडतात. आप्पाच्या घरी दोन्ही साजरे करतात आणि बैल त्याबद्दल तक्रार करत नाहीत.

"बिघडली कधी?"

"पैल्या बेंदराच्या मागनं कुरकुराय लागली. मधी नदीतच बंद पडायची. दुसऱ्या बेंदराच्या मागनं तर चालूच हुईना."

"बेंदराला काय केलंत तिला?"

"काय न्हाय. धुतली, रंगिवली. दरसाल करतोय. तवा कदी काय झालं न्हाय."

धुतली म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी गेलं असणार जिथं ठिणगी तयार होते त्या भागात. दरसाल गेलं नाही, यंदा गेलं. मी खुशीत झोपलो. ती खुशी चुकीची होती, पण झोप चांगली लागली.

चतुर्थी

सकाळी ठिणगीचा भाग काढला आणि वाळवायला ऊन शोधू लागलो. श्रावणात ऊन मागणं म्हणजे पाहुण्याच्या घरी तूप मागण्यासारखं आहे. म्हणून मी तो भाग फडक्यात गुंडाळून चुलीपाशी ठेवला. तिथं वहिनी लाह्या फोडत होती.

"भावजी, लाह्यांस्नी वास लागतोय कसला?"

"पेट्रोलचा नाही," मी म्हटलं. पेट्रोलचा नव्हता, तेलाचा होता. एरंडेलाचा. साहेबाच्या नोकरानं आप्पाला सांगितलं होतं की पेट्रोलमध्ये एरंडेल मिसळायचं, आणि आप्पा ते इमानानं करतो. इतकं एरंडेल पिऊनही ही मोटर अडून बसली होती.

वहिनीनं मला आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. पंचमीच्या दिवशी काही चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. "आन् नट पिळायच्या पान्याबिन्यालाबी हात लावायचा न्हाय. तुमचं काय ते आजच."

वाळलेला भाग बसवून, मोटर घेऊन आम्ही नदीच्या घाटावर आलो. नाव करंजाच्या झाडाला बांधलेली होती, तिला मागून मोटर आवळली. तात्या आपली काहील उपडी घालून तिच्यावर बसला होता, जसा काही तमाशा लागणार आहे.

आप्पानं पलीकडे बोट दाखवलं. "ती बगा."

मला काठावर हिरवा ठिपका दिसला, शेजारी पांढरा.

"हिरवं लुगडं तिचं. पांढरं ते बोचकं. सकाळधरनं बसलीया." मग म्हणाला, "उपास हाय तिचा."

चतुर्थीला बायका भावासाठी उपवास धरतात. शेवंताला भाऊ नाही. लहानपणापासून ती घरच्या ढवळ्या बैलासाठी उपवास धरायची, असं आप्पानं सांगितलं. बैलांचं सगळं तीच करायची, भाऊच ते तिचे. हे सांगताना आप्पा मोटरकडे बघत होता, आणि मला त्या ठिपक्याकडे बघवेना. पोर उपाशी बसलेली, आणि इकडे मी, बत्तीवाला.

मी टाकीचं टोपण उघडलं. पेट्रोल काठोकाठ. टोपण घट्ट बसवलं, चाकाला दोरी गुंडाळली आणि ओढली. दुसऱ्या ओढीला मोटर धडधडली! बाभळीवरचे बगळे उडाले. आप्पा मिशीत हसला. मी कपाळाचा घाम पुसून म्हटलं, "पाणी गेलं होतं. वाळवलं, झालं," आणि मोटर बंद पडली.

पुन्हा दोरी. पुन्हा. पुन्हा. काही नाही.

"पावणं, दम घ्या," तात्या म्हणाला. "ती घेतीया की."

आता मी प्लग काढला. काळा ओला होता. राखेनं घासला, विस्तवावर तापवला, परत लावला. पेट्रोल आहे ना म्हणून टोपण उघडून पाहिलं. आहे. टोपण घट्ट लावलं. ओढली, चालली! तात्यासुद्धा उठून उभा राहिला. "प्लग होता," मी सांगितलं. ती पुन्हा बंद पडली.

मग टाकीतून खाली जाणारी नळी सोडून तोंडानं फुंकली. तोंडात एरंडेल आलं. शाळेत असताना आई नाक दाबून पाजायची त्याची आठवण झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं मोटरीच्या काळजीनं. नळी साफ होती. टोपण उघडून पेट्रोल पाहिलं, लावलं, ओढली, चालली, बंद पडली.

"नळी न्हवती तर मग," तात्या म्हणाला. ह्या माणसाला मी आयुष्यात कधी बत्ती भाड्यानं देणार नाही.

दुपार कलली. वहिनी भाकरी घेऊन आली, पण आप्पानं हात लावला नाही. हिरवा ठिपका तिथंच होता. मध्ये एकदा तो उभा राहिला, बहुधा मोटरीचा आवाज ऐकून, आणि आवाज थांबल्यावर बसला.

आप्पा नदीकडे तोंड करून उभा राहिला. मग मान न वळवता म्हणाला, "तात्या, काहील पालथी हाय ती सुलटी कर."

तात्या ह्या वेळी काही बोलला नाही. एवढा गप्प मी त्याला पाहिला नव्हता. खरं सांगतो, मला रडू आलं असतं, पण मघाशी एकदा डोळ्यांत पाणी येऊन गेलं होतं आणि दोनदा बरं दिसत नाही.

मी सामान आवरायला घेतलं. पेट्रोल परत डब्यात ओतावं म्हणून टाकीचं टोपण फिरवलं, आणि सुंऽक असा आवाज आला.

आता हा आवाज माझ्या ओळखीचा. बत्तीचं टोपण सैल केलं की भरलेला वारा फुसकन बाहेर येतो. तो फुसकारा मी दिवसातून शंभरदा ऐकतो. पण हा उलटा होता. वारा बाहेर आला नाही, आत गेला. टाकीनं श्वास घेतला. सकाळपासून तीनदा टोपण उघडलं होतं, पण तेव्हा तात्या बोलत होता.

मी टोपण हातात घेऊन बघितलं. हिरवा थर, त्याखाली तांबडा थर. नखानं खरवडलं. बरोबर मध्यावर एक बारीक खळगा होता, रंगानं लिंपलेला.

"आप्पा!" मी ओरडलो. मागांच्या सवयीचा आवाज, पलीकडच्या काठालाही गेला असेल. "हिचं नाक लिंपलंय तुम्ही! वारा आत जाईना तर पेट्रोल खाली उतरणार कसं? टोपण उघडलं की एक घोट घेते, तेवढ्यावर चालते, मग हिचा जीव कोंडतो!"

आप्पानं टोपण उलटंपालटं करून पाहिलं. "पर दरसाल रंगिवतोय की."

"यंदा दोन थर जाड बसले असतील. बाजूला व्हा."

बत्तीचं भोक साफ करायची पिन माझ्या बंडीच्या खिशात कायम असते. पहिली मोडली. मी अशा वेळी जे बोलतो ते बोललो, वहिनीनं "अय्यय्यो" म्हटलं, दुसरी पिन आरपार गेली. टोपण लावलं, दोरी ओढली, मोटर चालली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे राहिलो. ती चालतच राहिली.

"बसा की रं!" तात्याच ओरडला. "दिवं लागायचं झालं!" आणि त्यानंच करंजाची दोरी सोडली.

पलीकडे

नदी ओलांडताना काय काय दिसलं असं मला विचारू नका, मी डोळे मिटले होते. आप्पानं सुकाणू धरलं होतं. नाव पाण्याला तिरकी चढवत नेली आणि घाटाला लावली ती बैलगाडी दारात उभी करावी इतकी सहज.

व्याही घाटावरच होता. त्यानं आधी आकाशाकडे पाहिलं, मग गावाकडे, कुठं दिवा लागलाय का म्हणून. लागला नव्हता. "दारात या म्हटलंतं," तो म्हणाला, म्हणून आम्ही त्याच्या दारापर्यंत जाऊन, उंबऱ्याला पाय लावून, गुळाचा चहा पिऊन परत घाटावर आलो. चहा चांगला होता हे मी कबूल करतो.

शेवंता आमच्या मागून आली. बापाला वाकून नमस्कार केला, मला केला. लहानखुरी पोर, डोळे बापाचे. बापलेकीत बोलणं म्हणाल तर एवढंच झालं.

"बरी हाईस?"

"बरी हाय."

मी मोटर चालू केली. पहिल्या ओढीला. ह्या वेळी मी डोळे उघडे ठेवले. नाव मधल्या धारेला आली तेव्हा शेवंता बोचकं सोडून मागं सरकली आणि मोटर न्याहाळू लागली, म्हशीला रेडकू झालं की बायका बघतात तशी. मुठीवरून हात फिरवला. बेगड नीट केली. मग टोपणाकडे वाकली आणि माझ्या पिनेनं पडलेल्या ओरखड्यावर बोट ठेवलं.

"मामा, हितं काय झालतं?"

"रंगानं भोक बुजलं होतं. दिवसभर त्यानंच छळलं."

तिनं बापाकडे पाहिलं. "आप्पा, रंगिवताना भोकात काडी घातली न्हवती व्हय?"

"कसली काडी?" मी विचारलं.

"खराट्याची. मी दरसाल घालायची. रंग वाळला की काढायची." तिला ह्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "बैलाचं तोंड रंगिवताना नाक सोडतोय की आपण. तसंच."

म्हणजे दरसाल रंगवायची ती. यंदा दोन्ही बेंदराला ती घरात नव्हती, आणि आप्पानं एकट्यानं गोठ्यात बसून, कधी हातात धरला नव्हता तो ब्रश धरून, दोन्ही वेळा जाड हातानं रंग दिला होता. मी आप्पाकडे बघितलं. तो आमच्या काठाकडे नजर लावून सुकाणू धरून होता.

"तू न्हवतीस," तो म्हणाला.

मोटरीचा आवाज फार होता. "काय?" शेवंतानं विचारलं.

आप्पानं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा विषय बदलणार, पाण्याचं काहीतरी बोलणार. पण मोटर धडधडत होती, थांबायचं नाव घेत नव्हती, आणि लेक त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती.

"तू न्हवतीस की घरात!" तो ओरडून म्हणाला. इतक्या मोठ्यानं, की काठावर उभ्या असलेल्या तात्यानंही ऐकलं.